दोन क्रेस्टेड गेको एकाच टँकमध्ये ठेवायचे का? जरा सविस्तर सांगते

ताई, आधी तुमचा प्रश्न परत मांडते म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. इंग्लंडमध्ये रेडिंगला तुमच्या घरी एक क्रेस्टेड गेको आहे, म्हणजे डोक्यावर तुरा असलेली पाल, वय सव्वा वर्षाच्या आसपास, ब्रीडरने फीमेल म्हणून दिलीये, ४५ बाय ४५ बाय ६० सेंमीचा उभा काचेचा टँक आहे. मुलाला वाटतंय की ती एकटी पडते, तिला कंटाळा येत असेल, आणि दुकानात कोणीतरी सांगितलं की दोन फीमेल आरामात राहतात, आणा अजून एक. तर आणावी का आणि त्याच टँकमध्ये ठेवता येईल का.

त्याच टँकमध्ये नाही. ४५-४५-६० हा एका मोठ्या क्रेस्टेडसाठी बरोबर साइज आहे, दोघींसाठी नाही. मोठा टँक घेऊन दोन फीमेल एकत्र ठेवता येतात, मी ठेवलेल्या आहेत, माझ्यासारखे बरेच वर्षं पाळणारे इतरही लोक ठेवतात, पण त्याला अटी आहेत आणि सगळ्या अटी पाळूनही एखादी जोडी जमतच नाही, तेव्हा त्याच दिवशी वेगळं करायची तयारी लागते. आणि मुळात तुमच्या गेकोला सोबत नकोय. सोबत आपल्याला हवी असते, मुलाला हवी असते, त्यात वाईट काही नाही, फक्त ती तिची गरज आहे असं समजून निर्णय घेऊ नका एवढंच म्हणणं आहे.

हा प्राणी न्यू कॅलेडोनियाचा. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला प्रशांत महासागरात फ्रान्सच्या अखत्यारीतली बेटं आहेत, त्यातल्या मुख्य बेटाचा दक्षिण भाग आणि खालचं आयल ऑफ पाइन्स, आजूबाजूची काही छोटी बेटं, एवढाच याचा मुलूख. १८६६ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंद केली, नंतर इतकी वर्षं कोणाला दिसला नाही की संपला असंच सगळे धरून चालले होते, मग १९९४ मध्ये परत सापडला, आणि आज युरोप-अमेरिकेत घराघरात जे क्रेस्टेड आहेत ते सगळे त्यानंतर बाहेर आलेल्या थोड्याशा प्राण्यांचीच पुढची पिढी. म्हणजे माणसाच्या घरात येऊन यांना धड तीस-पस्तीस वर्षं झालीत. स्वभाव जंगलातलाच आहे. तिथे हे रात्री झुडपांवर, फांद्यांवर एकेकटे फिरतात, पिकलेली फळं चाटतात, किडे पकडतात, दिवसा कुठल्यातरी ढोलीत नाहीतर पानांच्या गर्दीत पडून राहतात. कळप नाही, जोडी बांधून राहणं नाही. दोघी समोरासमोर आल्याच तर एक वाट बदलते आणि विषय संपतो. टँकमध्ये वाट बदलून जाणार कुठे? सगळे प्रॉब्लेम इथून सुरू होतात, भांडखोर स्वभावातून नाही. तशी ही पाल बरीच शांत आहे.

मग लोक फोटो टाकतात की एकाच बांबूच्या नळीत दोघी एकमेकींच्या अंगावर झोपल्यात, किती प्रेम आहे बघा. त्या टँकमध्ये बाकी काय आहे ते बघा म्हणते मी. बहुतेक वेळा अंधारी, दमट आणि अंगाला घट्ट बसणारी जागा ती एकच असते. दोघींना तीच पाहिजे, म्हणून दोघी तिथेच. तशीच दुसरी नळी त्याच उंचीवर लावली की दोन-तीन रात्रींत वेगळ्या झोपायला लागतात, करून बघा कोणीही.

तुम्ही इंग्लंडमध्ये आहात म्हणून अजून एक सांगते. इथल्या २००६ च्या ॲनिमल वेल्फेअर ॲक्टमध्ये पाळणाऱ्याने प्राण्याच्या ज्या गरजा भागवायच्या असतात त्यात राहायची योग्य जागा, योग्य खाणं, स्वाभाविक वागायला मिळणं, दुखापत-आजारापासून संरक्षण हे आहेच, पण त्याच यादीत इतर प्राण्यांसोबत किंवा त्यांच्यापासून वेगळं ठेवलं जाण्याची गरज हेही स्पष्ट लिहिलंय. सशाला सोबत लागते, गिनीपिगला लागते, तिथे एकटं ठेवणं वाईट. क्रेस्टेडच्या बाबतीत तो नियम उलट्या बाजूने लागू होतो. मुलाला हे सांगितलंत तर त्याला कळेल, मुलांना नियम बरोबर कळतात.

आता दुसरी आणायचा विचार करण्याआधी तुमची जी आहे ती फीमेल आहे ना हे स्वतः बघून घ्या. पिल्लू असताना विकलेल्या क्रेस्टेडच्या बाबतीत ब्रीडरचा अंदाज चुकणं अगदी रोजचं आहे, त्यात फसवणूक असतेच असं नाही, लहानपणी कळतच नाही. सव्वा वर्षाला मात्र कळायलाच पाहिजे. तिला पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात सोडा आणि डबा वर धरून खालून फोटो काढा, पकडून उलटी करू नका. शेपटी जिथे सुरू होते तिथे खालच्या बाजूला ठसठशीत फुगवटा असेल तर तो मेल. फुगवटा नसेल तर मागच्या दोन पायांच्या मधली खवल्यांची रांग झूम करून बघा, सोनाराकडे असतं तसलं ६० एक्सचं भिंग ऑनलाइन मिळतं त्याने अजून स्वच्छ दिसतं, मेलच्या त्या खवल्यांवर मधोमध बारीक छिद्रांची ओळ असते. आणि जी नवीन आणाल तिचंही हेच, अगदी दुकानाने लेबल लावून दिलं असलं तरी. सहा-सात ग्रॅमचं पिल्लू फीमेल म्हणून कोणी गॅरंटीने देत असेल तर ती गॅरंटी कशावर आहे ते विचारा.

दोन मेल एकत्र कधीच नाही. भाऊ असोत, एकाच अंड्याच्या जोडीतले असोत, सहा महिने गुण्यागोविंदाने राहिलेले असोत. वयात आले की एका रात्रीत चित्र पालटतं, टँक कितीही मोठा घ्या. याच्यावर मी चर्चा करत नाही.

एक मेल एक फीमेल हे लोकांना नैसर्गिक वाटतं आणि सगळ्यात जास्त हाल त्यातच होतात, फीमेलचे. मेल वर्षातले बरेच महिने तिच्या मागे असतो, मेटिंग करताना तिची मान आणि डोक्यावरचा तुरा तोंडात धरतो, जखमा होतात, खपल्या धरतात, बऱ्या होतात न होतात तोवर परत. एकदा मेटिंग झालं की ती साधारण दर चार ते सहा आठवड्यांनी दोन-दोन अंडी घालते आणि हे आठ-नऊ महिने चालू राहतं, म्हणजे वर्षाला डझनभर तरी अंडी. प्रत्येक अंड्याच्या कवचाचं कॅल्शियम तिच्या अंगातून जातं. क्रेस्टेडच्या तोंडात वरच्या बाजूला दोन पांढऱ्या पिशव्या असतात कॅल्शियम साठवायच्या, एकसारखी अंडी घालणाऱ्या फीमेलच्या त्या रिकाम्या होत जातात, मग हाडं मऊ पडायला लागतात, पाय थरथरतात, जबडा नीट मिटत नाही. अंडं अडकलं तर ऑपरेशनपर्यंत गोष्ट जाते. म्हणून जे जबाबदार ब्रीडर आहेत ते फीमेल निदान ३५ ते ४० ग्रॅमची आणि दीड वर्षाच्या पुढची झाल्याशिवाय मेलजवळ नेतच नाहीत, नेली तरी थोड्या दिवसांनी वेगळी करतात आणि वर्षातले काही महिने पूर्ण विश्रांती देतात. कायम एका टँकमध्ये जोडी ठेवली तर ही विश्रांती देणार कशी?

आणि वेगळं केलं म्हणजे संपलं असंही नाही, फीमेल मेलचं बीज पोटात साठवून ठेवते, मेल काढल्यावरही पुढे कितीतरी महिने फलित अंडी येत राहू शकतात. म्हणून तुमची नवीन फीमेल आधी कोणासोबत होती हे विकणाऱ्याला नक्की विचारा. रंगासाठी लिली व्हाइट हा क्रेस्टेडचा रंगप्रकार घ्यायचा मोह होतो, सुंदर दिसतात खरंच, पण दोन लिली व्हाइट एकमेकांशी लावायचे नसतात, त्या जीनची दुहेरी प्रत आलेली पिल्लं जगत नाहीत आणि हिशेबाने चारातलं एक अंडं तसं निघतं. ज्यांना अंडी-पिल्लं काही नकोच आहेत त्यांनी मेल-फीमेल एका खोलीत वेगवेगळ्या टँकमध्ये खुशाल ठेवावेत, एका टँकमध्ये नकोत.

राहिल्या दोन फीमेल. तुमचा प्रश्न हाच आहे म्हणून इथे जरा थांबते.

पहिली गोष्ट दोघी मोठ्या झालेल्या पाहिजेत आणि वजनाने जवळपास सारख्या. एक ४२ ग्रॅमची आणि दुसरी १५ ग्रॅमची अशी जोडी करायचीच नाही, छोटी खाण्याजवळ जातच नाही आणि मोठीने चावा घेतला तर बोटंच जातात. तुमची आता सव्वा वर्षाची आहे, ३०-३५ ग्रॅमच्या आसपास असेल बहुतेक, अजून भरेल. म्हणजे लहान पिल्लू आणून हिच्यासोबत वाढवू हा विचार बाद. पिल्लू आणलंत तर वर्ष-दीड वर्ष ते वेगळ्याच टँकमध्ये वाढवायचंय आणि तेवढ्या काळात ते मेल निघालं तर कायमचंच वेगळं.

दुसरी गोष्ट क्वारंटाइन, आणि याच्यात लोक सगळ्यात जास्त घाई करतात. नवीन आलेली निदान तीन महिने वेगळ्या खोलीत, साध्या टँकमध्ये किंवा मोठ्या प्लास्टिक टबमध्ये, खाली किचन पेपर, म्हणजे शी नीट दिसते. एक्झॉटिक्स, म्हणजे पाली-सापांसारखे वेगळे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडून शीची तपासणी करून घ्या, एकदा नाही, काही आठवड्यांच्या अंतराने परत एकदा. साधे जंत निघाले तर औषध आहे. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी निघाला तर मात्र खात्रीचा इलाज नाही, प्राणी खात असतो आणि तरी वाळत जातो, शेपटी बारीक होत जाते, आणि तो जंतू साध्या साबणाने किंवा घरातल्या नेहमीच्या ब्लीचनेही जात नाही. क्वारंटाइनच्या टँकमधलं भांडं, चिमटा, स्प्रेची बाटली काहीही जुन्या टँकमध्ये वापरायचं नाही, काम आधी जुनीचं उरकायचं आणि मग नवीनचं, आणि हात धुवायचे.

तिसरी गोष्ट टँक. दोघींना मी ६० बाय ४५ बाय ९० सेंमीच्या खाली सांगणार नाही आणि ९० रुंदीचा मिळाला तर तो घ्या. पण नुसता मोठा टँक मोकळा ठेवला तर उपयोग शून्य, उलट मोकळ्या टँकमध्ये एकमेकी सतत नजरेसमोर असतात. आतून तो इतका भरलेला पाहिजे की समोरून बघितल्यावर मागची काच दिसता कामा नये. कॉर्कच्या सालीच्या उभ्या नळ्या, आडव्या फांद्या, बांबू, आणि झाडं. आपला मनीप्लांट यासाठी उत्तम, ओलाव्यात वाढतो, मोठी पानं येतात, गेको त्याच्या पानांवर झोपतो आणि पानांवरचं पाणी चाटतो, फक्त दुकानातून आणलेला थेट आत ठेवू नका, फवारलेलं औषध आणि खत असतं, माती बदला, पानं धुवा, काही आठवडे बाहेर ठेवा. झोपायच्या जागा दोघींना मिळून पाच-सहा तरी पाहिजेत आणि त्या वेगवेगळ्या उंचीवर, दोन्ही बाजूंना. सगळ्या चांगल्या जागा वर आणि खाली काहीच नाही असं केलंत तर एक राणी वर आणि दुसरी खाली ओल्या मातीत बसलेली दिसेल.

खाण्याची भांडी दोन, आणि एकमेकांना दिसणार नाहीत अशी. एक डावीकडे वर, एक उजवीकडे मध्यावर. पावडरचं खाणं, पॅन्जिया किंवा रिपॅशी ज्या ब्रँडचं देत असाल ते, दोन्हीकडे सारखंच कालवून ठेवा. किडे देत असाल तर मात्र टँकमध्ये क्रिकेट, म्हणजे रातकिडे, सोडून द्यायचे नाहीत, दोघी एकाच क्रिकेटवर झेपावतात आणि एकीच्या तोंडात दुसरीचा पाय येतो. चिमट्याने वेगवेगळं भरवा किंवा एकीला डब्यात काढून भरवा. आणि मेल नसला तरी फीमेल कधीकधी रिकामी अंडी घालते, तेव्हा खाली दहा-एक सेंमी खोल ओलसर कोको फायबर किंवा मॉस असलेला डबा ठेवाच, दोन ठेवलेत तर अजून चांगलं. जागा मिळाली नाही तर ती अंडं धरून ठेवते आणि मग व्हेट.

एकत्र करायचा दिवस आला की जुनीच्या घरात नवीनला सोडायचं नाही. मोठा टँक नवीन मांडून दोघींना एकाच संध्याकाळी त्यात सोडायचं, म्हणजे कोणाचंच ते आधीचं घर नाही. वीकेंडला करा, दुसऱ्या दिवशी ऑफिस नसेल असं. आणि लहान बाळांवर लक्ष ठेवायला वापरतात तसला रात्री अंधारात दिसणारा कॅमेरा समोर लावा, कारण खरं काय चालतं ते सगळं तुम्ही झोपल्यावर.

त्या फुटेजमध्ये काय बघायचं ते सांगते. चावाचावी क्वचितच दिसेल. दिसतं ते असं असतं की एक जण भांड्याच्या वर फांदीवर बसलीये, खात नाहीये, नुसती बसलीये. दुसरी वरून डोकं खाली करून हळूहळू उतरते, वीतभर अंतरावर आली की थांबते. पहिली मान वळवत नाही, फक्त शेपटीचं टोक उचलून नागमोडी हलवायला लागते, सावकाश. दुसरी तशीच अर्धा मिनिट चिकटून राहते आणि मागे फिरते. परत तासाभराने येते, परत तेच. सकाळी तुम्ही बघता तर दोघी छान, जखम नाही, भांड्यातलं खाणं संपलेलं. पण खाल्लंय एकीनेच. हे सलग चार-पाच रात्री दिसलं तर जोडी जमली नाही असं समजायचं, रक्त यायची वाट बघायची नाही. एखादा भुंकल्यासारखा किंवा टकटक असा आवाज, एखादी धावपळ पहिल्या एक-दोन रात्री चालते. त्यानंतर शांत व्हायला पाहिजे.

म्हणून वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालेल, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, ०.१ ग्रॅम दाखवणारा मिळाला तर उत्तम. एकत्र करण्याआधी महिनाभर दोघींचं वजन लिहून ठेवा, आणि नंतर पहिले तीन महिने दर आठवड्याला, त्यापुढे पंधरा दिवसांनी. अंडी घातली की काही ग्रॅम उतरतात, शी केल्यावरही थोडं कमी दिसतं, त्याने घाबरू नका. पण महिन्याभरात दहा टक्के गेलं, म्हणजे ४० ची ३६ झाली आणि अंड्यांचं कारण नाही, तर त्याच दिवशी वेगळी आणि व्हेट. एकीचं वजन स्थिर आणि दुसरीचं भराभर वाढतंय हेही चांगलं लक्षण नाही. वजन करताना अंगावरून नजर फिरवा. कुशीवर अर्धगोल ओरखडे, बोटांची टोकं गेलेली, कात निघताना बोटांवर अडकलेली, डोक्यावरच्या तुऱ्याचे काटे तुटलेले, शेपटीच्या टोकाला टवका. शेपटीच्या टोकाखाली जो चिकटणारा गादीसारखा भाग असतो ना, चावा बऱ्याचदा तिथेच बसतो. दिवसा जमिनीवर किंवा काचेवर उघड्यावर बसलेली गेको दिसायला लागली, जी आधी लपून झोपायची, तर तिला लपायला जागा मिळत नाहीये.

शेपटी गेली तर परत येत नाही, आपल्या घरातल्या पालीसारखं नाही हे. जंगलातले बहुतेक मोठे क्रेस्टेड बिनशेपटीचेच सापडतात आणि मजेत जगतात, त्यामुळे शेपटी जाणं म्हणजे संकट नाही, पण दोघींच्या टँकमध्ये गेली तर तिथे काय बिनसलंय ते शोधायलाच पाहिजे. तुटल्यावर लगेच दुसरीला बाहेर काढा, जखमेला काही लावत बसू नका, जिची शेपटी तुटली तिला किचन पेपर घातलेल्या स्वच्छ टबमध्ये ठेवा, ओलावा थोडा कमी, हाताळणं बंद. दोन-तीन आठवड्यांत भरून येतं. लाली, सूज, पाणी दिसलं तर व्हेट.

याच्यासाठी आणि एकूणच सगळ्यासाठी दुसरा टँक घरात तयार पाहिजे. कधीतरी घेऊ असं नाही, आत फांद्या, भांडं, लपायची जागा सगळं असलेला. तुमचा आत्ताचा ४५-४५-६० त्यासाठी अगदी योग्य, मोठा घेतलात तर हा विकू नका. ज्यांच्याकडे दुसऱ्या टँकला जागाच नाही त्यांनी दोन गेको घेऊ नयेत, माझं मत पक्कं आहे.

पिल्लांचं थोडक्यात, कारण पुढेमागे अंडी आली तर विचारालच. अंड्यातून निघालेलं पिल्लू दीड-दोन ग्रॅमचं असतं, ते मोठ्यांसोबत ठेवलं तर खाल्लं जाऊ शकतं, आईसुद्धा खाते. पिल्लं आपापसातही बोटं आणि शेपट्या कुरतडतात. प्रत्येकाला वेगळा डबा. दुसऱ्या जातीच्या प्राण्यांसोबत ठेवायचं तर बिलकूल नाही, गार्गॉइल गेको त्याच बेटांवरचे असले तरी ते जास्त चावरे आणि लहान पाली खाणारे, डे गेकोला ऊन आणि उष्णता जास्त लागते, झाडावरच्या बेडकांच्या कातडीतून विष सुटतं. सुंदर दिसणारे मिक्स टँक व्हिडिओत बघायला ठीक.

उन्हाळ्याचंही लक्षात ठेवा. यांना २२ ते २६ डिग्री आवडतं, रात्री अजून खाली गेलं तरी चालतं, २८ च्या वर बराच वेळ राहिलं की त्रास सुरू होतो. इंग्लंडमधलं घराचं तापमान एरवी यांना मानवतं पण २०२२ च्या जुलैमध्ये इथे ४० च्या पुढे गेलं होतं हे सगळ्यांना आठवत असेल. गरमीत थंड जागा टँकमध्ये एकच असते, खालचा ओला कोपरा, आणि दोघींना तीच हवी असते. तेव्हा अशा आठवड्यात जमलेली जोडीसुद्धा वेगळी करा, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा, टँकच्या वर जाळीवर कापडात गुंडाळलेली गोठवलेली पाण्याची बाटली ठेवा. पुण्या-मुंबईहून काही लोक मला हाच प्रश्न विचारतात, त्यांना मी सांगते की एप्रिल-मेमध्ये चोवीस तास एसीची खोली आणि लाइट गेल्यावरची सोय नसेल तर दोन राहू द्या, एकही नको.

आणि आपल्या लोकांचा खास प्रश्न, इंडिया ट्रिप. तीन-चार आठवडे घर बंद, शेजारीण दोन दिवसाआड येऊन पाणी मारून खाणं बदलून जाणार. एका गेकोला हे पुरतं. दोघी असतील तर ती कोण खातंय कोण नाही हे ओळखू शकत नाही, तिने ते ओळखावं ही अपेक्षाही करू नका. निघायच्या आठवडाभर आधी दोघींना वेगवेगळ्या टँकमध्ये करा, वजनं लिहा, आल्यावर परत वजन करून मगच एकत्र, आणि एकत्र करताना परत फांद्यांची मांडणी बदलून.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल की मग कशाला. मला विचाराल तर तुमच्या घरासाठी दोन टँक शेजारी-शेजारी हेच बरं. मुलाला दोन गेको मिळतील, एक जुनी एक नवीन, दोघींचे स्वभाव किती वेगळे असतात ते त्याला तेव्हाच दिसेल, कारण एकत्र ठेवलेल्यांमध्ये बऱ्याचदा एक दबून असते आणि तिचा खरा स्वभाव बाहेर येत नाही. वजनाची वही त्याच्याकडे द्या. टँकच्या मधल्या बाजूला काचेवर पुठ्ठा किंवा बॅकग्राउंड चिकटवा म्हणजे एकमेकी दिसत नाहीत. क्वारंटाइन संपेपर्यंत खोल्या मात्र वेगळ्या. आधी तुमच्या सध्याच्या गेकोचं वजन आणि खालून काढलेला तो फोटो पाठवा, ती फीमेल आहे का हे नक्की करू, नवीनचं नंतर बघू.